लॅपटॉपची किंमत आणि टिकाऊपणा: जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात?

घाटंजी तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय: धाकट्या बहिणीला यवतमाळला बी.सी.ए.ला प्रवेश मिळाला. दुकानदारानं तीन लॅपटॉप दाखवले, ३२ हजारांचा, ४८ हजारांचा आणि ७५ हजारांचा. कापसाचे पैसे राखून ठेवलेत, ताणलं तर ७५ पर्यंत जाता येईल. पण महागड्यात आतले पार्ट खरंच चांगले असतात का? तो जास्त वर्षं टिकतो का, की नुसते नावाचे पैसे?

भाऊ, मी वणीत लॅपटॉपच्या बोर्ड रिपेअरिंगचं काम करतो. स्वस्त, महाग, सगळ्या प्रकारची मशीन उघडून पाहिली आहेत, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. ३२ आणि ४८ मध्ये टिकाऊपणाचा फरक असतो आणि तो मोठा असतो. ४८ आणि ७५ मध्ये वेग, पडदा, वजन यांचा फरक असतो. टिकाऊपणाचा असेलच असं नाही. काही मॉडेलांच्या बाबतीत तर आपल्या भागातल्या उन्हाळ्यात महागडंच आधी आजारी पडतं. का, ते नीट सांगतो, कारण हे कळलं की दुकानात कोणत्या गोष्टीला हात लावून पाहायचं तेही कळतं.

दुकानदार सगळ्यात आधी प्रोसेसर सांगतो. आय-थ्री, आय-फाइव्ह, रायझन असं काहीतरी. प्रोसेसर हा लॅपटॉपमधला सगळ्यात कमी बिघडणारा भाग आहे. माझ्या टेबलावर बंद पडून आलेल्या मशीनमध्ये प्रोसेसरच मेला असं फार क्वचित निघतं. रॅमचंही, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचंही, तसंच. जगातली जवळजवळ सगळी रॅमची चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्याच बनवतात आणि ती ३२ हजारांच्या मशीनमध्येही असते, लाखाच्या मशीनमध्येही असते. इतकंच काय, लॅपटॉपवर नाव कोणाचंही असो, बहुतेक मशीन तयार होतात त्या क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक, पेगाट्रॉन अशा मोजक्या तैवानी कंपन्यांच्या कारखान्यांत. स्वस्त आणि महाग मालिका कधी कधी एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. म्हणजे आय-थ्रीऐवजी आय-सेव्हन घेतला तर काम भराभर होईल, पण मशीन त्यामुळे एक दिवसही जास्त टिकणार नाही.

मग स्वस्त मशीनमध्ये पैसे वाचवतात कुठे? जाहिरातीच्या कागदावर न छापलेल्या जागांमध्ये.

पहिली जागा बिजागरी. माझ्याकडे स्वस्त लॅपटॉप येतो तो बहुतेक वेळा तुटलेल्या बिजागरीचा. लोकांना वाटतं बिजागरीचं लोखंड कमजोर होतं. लोखंड शाबूत असतं. ते ज्या स्क्रूंनी धरलेलं असतं, ते स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळेच्या बारीक नटांमध्ये फिरवलेले असतात. दोन-अडीच वर्षांत बिजागरीतलं ग्रीस वाळतं, ती जड होते, आणि दर वेळी पडदा उघडताना सगळा जोर त्या नटांवर येतो. एक दिवस प्लास्टिक तडकतं आणि नट उपटून बाहेर येतात. फाटक लोखंडी आणि खांब मात्र भुसभुशीत मातीत पुरलेला, अशी ती गत. त्यानंतरही लोक मशीन वापरत राहतात, आणि तुटलेली बिजागरी आतून पडद्याची केबल कापते किंवा पडद्याची काच फोडते. हजार-दीड हजाराचं काम मग कितीतरी पटीनं वाढतं. बऱ्या मशीनमध्ये नट धातूच्या पट्टीत असतात, किंवा खालची पूर्ण चौकटच मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमची असते. हा फरक किमतीशी खरोखर जोडलेला आहे, पण तोही ठराविक किमतीपर्यंतच.

दुसरी जागा साठवणूक. अगदी खालच्या किमतीच्या काही लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी सुटी पट्टी नसते, ईएमएमसी नावाची चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते, ६४ किंवा १२८ जीबीची. ती हळू तर असतेच, पण खरा घोळ असा की ती गेली की बदलता येत नाही. बोर्डावरून चिप काढून दुसरी चढवावी लागते, आणि ते काम करणारे आपल्या भागात थोडे. सुटी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी असेल तर एक स्क्रू काढला की काम झालं, कॉलेजातली पोरंही बदलतात. ३२ हजारांच्या मशीनमध्ये ईएमएमसी असेल तर तो विषय तिथेच संपवा. एसएसडी असेल तर पुढचं बोलू.

तिसरी जागा चार्जिंगची पिन. काही मॉडेलांत ही पिन वेगळ्या वायरवर असते, सैल झाली तर तेवढीच बदलायची. काहींमध्ये ती मुख्य बोर्डावरच असते, आणि आता टाइप-सी आल्यापासून हे महागड्या मशीनमध्येही सर्रास दिसतं. चार्जर लावलेला असताना मशीन ओढलं गेलं की पिन बोर्डासकट उखडते. इथे किंमत तुम्हाला वाचवत नाही. उलट पातळ, महागड्या मशीनमध्ये दुरुस्ती जास्त नाजूक असते.

किबोर्डबद्दल थोडक्यात: पूर्वी तो दोन स्क्रूंवर निघायचा. आता बहुतेक मशीनमध्ये तो वरच्या पॅनलला प्लास्टिकच्या रिव्हेटनी पक्का केलेला असतो. चहा सांडला की खर्च मोठा. स्वस्त असो की महाग, सारखंच.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते म्हणजे ऊन. लॅपटॉपसोबत येणारं बारीक अक्षरांचं माहितीपत्रक कोणी वाचत नाही. त्यात मशीन कोणत्या तापमानात वापरायचं ते लिहिलेलं असतं. बहुतेक कंपन्या वरची मर्यादा ३५ अंश देतात. लाखाच्या मॅकबुकलाही १० ते ३५ अंशच लिहिलं आहे. आणि आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे वर्षातले निदान दोन महिने आपण प्रत्येक लॅपटॉप त्याच्या कागदावरच्या मर्यादेच्या बाहेर वापरतो. पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून कोणी लिहिलं असेल की अमुक मॉडेल उत्तम चाललं, तर ते खरंच असेल, पण ते तुमच्या खोलीला लागू होईल असं समजू नका.

उष्णतेनं नेमकं बिघडतं काय? प्रोसेसर नाही. तो १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःच वेग कमी करतो आणि जीव वाचवतो. त्याच्या आजूबाजूचे सोसतात: वीजपुरवठा सांभाळणारे मॉसफेट, कॅपॅसिटर हे बारीक भाग, आणि सगळ्यात जास्त बॅटरी. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर ठेवली तर तिची साधारण एक तृतीयांश क्षमता कायमची जाते, तीही न वापरता. आपल्याकडे लाइन जाते म्हणून पोरं लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून १०० टक्के ठेवतात. म्हणजे उष्णता आणि पूर्ण चार्ज, दोन्ही एकदम. दोन उन्हाळ्यांत बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. बॅटरी महागड्या मशीनमध्ये मोठी असते, विजेच्या साठ्याच्या मापात ३६-४२ वॉट-अवरऐवजी ५५-७०. ती सुरुवातीला जास्त तास चालते, पण रसायन तेच आहे आणि गरमीत ती तशीच मरते. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. बहिणीला पहिल्याच दिवशी ती लावून द्या. फुकटात बॅटरीचं आयुष्य वाढवणारी याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

म्हणून लॅपटॉप घेताना मी गरमी बाहेर टाकण्याची व्यवस्था पाहतो. पंखा आहे का, हवा बाहेर पडण्याची जाळी मोठी आहे का, आत उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या (हीटपाइप) एक की दोन. थोडं जाडसर, दोन किलोच्या आतबाहेरचं मशीन इथे बरं पडतं. ७५ हजारांचं अगदी पातळ मशीन सुंदर दिसतं, पण त्यात हवेला जागा कमी, पंखा बारीक, आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. ते मशीन मे महिन्यात वेग कमी करून चालतं. ज्या वेगासाठी जास्तीचे पैसे दिले, तोच नेमका परीक्षेच्या दिवसांत हातात येत नाही.

पंख्याचा आणखी एक शत्रू आपल्याकडे खास आहे. कापूस घरात भरलेला असतो त्या दिवसांत, किंवा जिनिंगजवळ राहणाऱ्यांकडे, मशीन उघडलं की पंखा आणि जाळीच्या मधोमध रुईची गादीच बसलेली असते. साध्या धुळीतून थोडी तरी हवा जाते, रुईतून काहीच जात नाही. वणी, घुग्घुस, बल्लारपूरकडच्या मशीनमध्ये कोळशाची काळी धूळ असते. ती पावसाळ्यात दमट झाली की बोर्डावर चिकटते आणि पिनांच्या मध्ये गंज धरायला मदत करते. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं कुटार आहेच. ज्या घरात कापूस साठवतात तिथे वर्षातून एकदा, फाल्गुन-चैत्रात, उन्हाळा लागायच्या आत, मशीन उघडून साफ करून घ्यावं आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून घ्यावी. तळाचं झाकण साध्या स्क्रूंनी सहज निघतं का, हे म्हणूनच विकत घेतानाच पाहावं लागतं. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. खोली थंड होते हे खरं, पण त्या हवेत ओलावा आणि आपल्या खारट पाण्याचे कण असतात.

महागडं म्हणजे बिनबिघाड असं ज्यांना वाटतं, त्यांना दोन जुन्या गोष्टी सांगतो, दोन्ही जगजाहीर आहेत. २००८ मध्ये एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीनं कबूल केलं की त्यांच्या लॅपटॉपसाठीच्या काही ग्राफिक्स चिपमध्ये पॅकेजिंगचा, म्हणजे चिपच्या बांधणीचा दोष आहे, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप तापायची, थंड व्हायची, आणि आतले सोल्डरचे बारीक ठिपके तडकायचे. डेल, एचपी, अॅपल यांच्या वरच्या किमतीच्या मशीनमध्येही ही चिप होती, आणि तीही मशीन बंद पडली. दुसरी गोष्ट अॅपलच्या बटरफ्लाय किबोर्डची. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या मॅकबुकमध्ये किबोर्ड पातळ करायच्या नादात असा बनवला की धुळीचा एक कण गेला तरी बटण अडकायचं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात अॅपलनं ५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दोन्ही वेळा जास्त किमतीनं गिऱ्हाइकाला जास्त वेग आणि जास्त पातळपणा दिला, आणि दोष त्याच्यातच लपलेला होता.

तरी एकूण हिशोब पाहिला तर किमतीचा संबंध अगदीच नाही असंही नाही. स्क्वेअरट्रेड या अमेरिकेतल्या वॉरंटी कंपनीनं २००९ मध्ये ३० हजारांहून जास्त लॅपटॉपची आकडेवारी दिली होती. तीन वर्षांत साधारण ३१ टक्के मशीनमध्ये बिघाड. एकूण मशीनपैकी २०.४ टक्के आतल्या दोषानं, १०.६ टक्के पडझड, सांडलवंड यांमुळे. सगळ्यात स्वस्त, नेटबुक म्हणत ती मशीन जास्त बिघडली. पण मधल्या आणि वरच्या किमतीतलं अंतर थोडंच होतं. आकडे जुने आहेत, मशीन बदलली आहेत, पण जे चित्र त्यात दिसतं तेच मला रोज टेबलावर दिसतं. तळाचं सोडलं की मोठा फायदा होतो, मधून वर चढलं की थोडा.

दुकानात 'मिलिटरी ग्रेड' असं स्टिकर दाखवतील. एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं अमेरिकी लष्करी मानक आहे, त्याची एच आवृत्ती २०१९ ची. पण त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या आणि किती कडक करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते, आणि लष्कर काही प्रमाणपत्र देत नाही. स्टिकर असेल तर बरं, त्यासाठी पाच हजार जास्त देऊ नका.

आता लाइन. गावातल्या घरी लॅपटॉप वापरणार असाल तर हा भाग मशीनच्या किमतीहून महत्त्वाचा आहे. लॅपटॉपच्या अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून कमी व्होल्टेजची भीती नाही. १५० व्होल्टवरही तो शांतपणे काम करतो. भीती वरची आहे. वादळात डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की तुमच्या घरातलं २३० चं व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढू शकतं. अॅडॉप्टरच्या आतला मुख्य कॅपॅसिटर साधारण ४०० किंवा ४५० व्होल्ट डीसीचा असतो. २४० व्होल्टवरच त्याच्यावर ३४० येतात, त्यामुळे अंतर फार नाही. चांगला, मूळ अॅडॉप्टर अशा वेळी स्वतः जळतो आणि लॅपटॉप वाचवतो. बाजारात चारशे रुपयांना मिळणारा नकली अॅडॉप्टर कधी कधी तो झटका पुढे जाऊ देतो, आणि मग बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग जातो. अॅडॉप्टर बदलायची वेळ आली तर त्याच्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंगची जाड पिन मोडू नका, आणि घरात अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. टच करताना हाताला मुंग्या येतात म्हणून जी मशीन माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांत दोष घराच्या अर्थिंगचा असतो. आणि मृगाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अॅडॉप्टर भिंतीतून काढून ठेवायचा. विजेपुढे कोणताच स्पाइक गार्ड पुरत नाही.

मशीन बिघडलंच तर? इथे किंमत पुन्हा कामाला येते, पण वेगळ्या रीतीनं. एका किमतीच्या दोन मशीनमध्ये जे मॉडेल भरपूर खपलं आहे ते घ्या. त्याचं सर्किट चित्र आमच्यासारख्यांना मिळतं, पडदा, किबोर्ड, बॅटरी नागपूरला सीताबर्डीत मिळतात. नवीनच आलेल्या ब्रँडचं मशीन कागदावर त्याच किमतीत जास्त देतं, पण दोन वर्षांनी त्याची बिजागरी कुठेच मिळत नाही. मग सुस्थितीतला लॅपटॉप एका सुट्या भागापायी कपाटात जातो. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यामागे कोणाच्या तरी तुरीचे किंवा पऱ्हाटीचे पैसे असतात.

वॉरंटीत 'ऑनसाइट' आणि 'कॅरी-इन' असे दोन प्रकार असतात. कॅरी-इन म्हणजे तुम्ही मशीन घेऊन अमरावतीला किंवा नागपूरला जायचं, ठेवून यायचं, पुन्हा आणायला जायचं. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो. पण तो तुमच्या पिनकोडवर येतो का, हे कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर स्वतः विचारा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका. गावचा पिनकोड बसत नसेल तर बहिणीच्या यवतमाळच्या होस्टेलचा सांगून पाहा.

७५ हजारांत तुम्हाला नेमकं काय दाखवलं ते तुम्ही लिहिलं नाही. गेमिंगचं असेल तर बी.सी.ए.ला ते लागत नाही. त्याचा चार्जरच वीटभर वजनाचा असतो आणि बॅटरी लवकर उतरते. पातळ, देखणं असेल तर वर सांगितलंच. पण ते लेनोव्होचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड (२०२५ पासून नव्या मशीनवर डेल प्रो हे नाव), एचपीचं एलिटबुक यांसारख्या बिझनेस मालिकेतलं असेल आणि त्याला तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी असेल, तर तिथे जास्तीचे पैसे खरोखर बिजागरी, चौकट आणि सेवेत गेलेले असतात. तेवढ्या एका बाबतीत मी ७५ ला हो म्हणेन. अशीच मशीन कंपन्यांतून निघाल्यावर सेकंडहँडही मिळतात आणि मजबूत असतात. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्याच्या खालचं कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि जे घ्याल त्यात नव्या बॅटरीचे पैसे आधीच धरा.

नाहीतर ४८ चा घ्या. त्यात १६ जीबी रॅम असावी, किंवा ८ असेल तर एक रिकामा स्लॉट असावा. ५१२ जीबीची सुटी एनव्हीएमई एसएसडी असावी. पडदा आयपीएस (कोणत्याही कोनातून स्पष्ट दिसणारा) असावा, तो टिकाऊपणासाठी नाही, पोरीच्या डोळ्यांसाठी. दुकानात मशीन टेबलावर ठेवून पडदा मधोमध एका बोटानं उघडून पाहा. बिजागरीच्या कोपऱ्यात करकर होते का, खालचं झाकण फाकतं का? किबोर्डच्या मधोमध अंगठ्यानं दाबा, खोलवर दबतं का? मग पंधरा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवायला लावा आणि हवा बाहेर पडते तिथे हात धरा. गरम हवा जोरात बाहेर येत असेल तर चांगलं. हवा येत नाही आणि किबोर्ड तापतोय, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.

उरलेल्या पैशांतून वॉरंटी तीन वर्षांची करून घ्या, आणि पडणं-सांडणं धरणारं संरक्षण त्याच वेळी मिळत असेल तर तेही. होस्टेलवर जाणाऱ्या पोरीच्या मशीनला त्याची गरज लागते. ही वाढीव वॉरंटी कंपनीची हवी, दुकानाची नको. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि दुकानातून निघायच्या आधी तो नंबर मोबाइलवर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू दाखवते ते पाहा. शेल्फवर पडून राहिलेल्या मशीनची वॉरंटी कधी कधी आधीच चार-सहा महिने संपलेली दिसते. तसं असेल तर बिल दाखवून ती तारीख तिथेच बदलून घ्यायची, घरी जाऊन नाही.